काटा खाली आला: दोष इंजिनात की सेन्सरमध्ये?

इंदूर विमानतळाच्या आसपास, बिजासन टेकडीच्या बाजूला राहणाऱ्यांना प्रवासी जेट विमानांबरोबर प्रशिक्षणाच्या लहान विमानांचा आवाजही ओळखीचा असतो. एकच इंजिन, पुढे पंखा, आत दोन किंवा चार माणसांची जागा, आणि चालवणारा बहुधा अजून शिकणारा. शहरातल्या मराठी घरांतली जी मुले-मुली वैमानिक किंवा विमान देखभाल अभियंता होण्याच्या वाटेवर आहेत, त्यांच्या तोंडी ‘ऑइल प्रेशर’, ‘सेंडर’, ‘स्नॅग’ हे शब्द रोजचे असतात. विमानात आढळलेल्या बिघाडाची नोंद म्हणजे स्नॅग. त्यांपैकी वारंवार येणारी आणि वारंवार चुकीच्या पद्धतीने हाताळली जाणारी एक स्नॅग म्हणजे इंजिनाचा दाब दाखवणाऱ्या उपकरणाने भलताच आकडा दाखवणे. तो आकडा खरा आहे की सेन्सर बिघडला आहे, हे कसे ठरवतात आणि सेन्सर बदलावा लागला तर काय काळजी घेतात, हे येथे सांगायचे आहे.

लहान विमानाच्या पिस्टन इंजिनात मुख्यतः तीन दाब मोजले जातात. पहिला वंगणतेलाचा, दुसरा इंधनाचा, आणि तिसरा सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा, म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर. तिन्ही सारख्या महत्त्वाचे नाहीत. इंधनाच्या दाबाचा सेन्सर पंख वर असलेल्या, कार्बोरेटरच्या सेस्ना बनावटीच्या विमानांत बहुधा नसतोच, कारण तेथे इंधन वरच्या टाकीतून गुरुत्वाकर्षणाने खाली येते. मॅनिफोल्ड प्रेशरची गरज प्रामुख्याने पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या पंख्याच्या विमानात भासते. तेलाचा दाब मात्र प्रत्येक इंजिनात मोजावाच लागतो. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर दाबाखाली टिकून असतो, म्हणूनच धातू धातूला घासत नाही. तो थर नाहीसा झाला तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते, आणि एका इंजिनाच्या विमानात दुसरे इंजिन मदतीला नसते.

योग्य दाब किती, हे त्या त्या विमानाच्या हस्तपुस्तिकेत दिलेले असते. जुन्या सेस्ना १५२ आणि १७२ मध्ये गेजवरची हिरवी पट्टी ६० ते ९० पीएसआय (एका चौरस इंचावर इतके पौंड दाब) असते आणि इंजिन मंद चालत असताना किमान २५ पीएसआय पुरतो. लायकॉमिंग कंपनीच्या आयओ-३६० इंजिनाच्या सेस्ना १७२-एस मध्ये हिरवी पट्टी ५० ते ९०, किमान मर्यादा २० आणि कमाल ११५ अशी आहे. एनसीसीच्या हवाई तुकड्यांना मिळालेली पिपिस्ट्रेल व्हायरस ही मायक्रोलाइट विमाने रोटॅक्स ९१२ इंजिनावर चालतात आणि त्यांचे माप बारमध्ये असते. साधारण २ ते ५ बार दाब योग्य मानतात, मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या खाली किमान ०.८ बार चालतो, आणि थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ ७ बारपर्यंत दाब गेला तरी हरकत नसते. १ बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय. एका विमानाचे आकडे दुसऱ्याला लावणे ही दोष शोधण्यातली अगदी पहिली घोडचूक होय. शिकाऊ मुलगा १५२ वरून १७२-एस वर जातो तेव्हा ५५ पीएसआय पाहून उगाच घाबरतो, कारण आधीच्या विमानात तो आकडा हिरव्या पट्टीच्या बाहेर होता.

दाब काट्यापर्यंत कसा पोहोचतो

दोष शोधायचा तर इंजिनातला दाब वैमानिकाच्या डोळ्यांपर्यंत कोणत्या वाटेने येतो ते आधी कळले पाहिजे. जुन्या १५२ आणि १७२ मध्ये ही वाट अगदी सरळ आहे. इंजिनापासून एक बारीक नळी निघते आणि तेल स्वतःच कॉकपिटमधल्या गेजपर्यंत येते. गेजच्या आत वाकवलेली एक चपटी पोकळ नळी असते. आत दाब वाढला की ती थोडीशी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. या रचनेत विजेचा संबंध नाही, सेन्सरही नाही. बॅटरी पूर्ण उतरली तरी काटा खरेच बोलतो. तोटा इतकाच की गरम तेलाची नळी माणसांच्या पायांजवळून जाते.

दुसऱ्या प्रकारात इंजिनाच्या बाजूला एक सेंडर, म्हणजे दाब विजेच्या रूपात कळवणारा सेन्सर, बसवतात. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो. दाबाने तो फुगतो, त्याला जोडलेला सरकता संपर्क एका रोधावर पुढे-मागे होतो आणि रोध बदलतो. वायरमधून जाणारा प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होतो आणि कॉकपिटमधला काटा हलतो. येथे एक बारकावा आहे, जो न कळल्यामुळे बरेच तास वाया जातात. युरोपीय व्हीडीओ पद्धतीच्या सेंडरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम असतो आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहमपर्यंत चढतो. अमेरिकी पद्धतीच्या अनेक सेंडरमध्ये हे नेमके उलटे असते. तेथे शून्याला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम मिळतात. त्यामुळे वायर तुटली, म्हणजे रोध अनंत झाला, तर पहिल्या पद्धतीत काटा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि दुसऱ्या पद्धतीत शून्यावर पडतो. वायर घासून विमानाच्या धातूला टेकली तर दोन्हीकडे याच्या उलट घडते. आपल्या विमानात कोणती पद्धत आहे एवढे माहीत असले, तरी काटा कोणत्या टोकाला गेला यावरून निम्मे निदान काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, न उघडता होते.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक ट्रान्सड्यूसरचा. त्याला बाहेरून ५ व्होल्ट देतात आणि तो दाबाच्या प्रमाणात साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट परत देतो. समजा, सेन्सर ० ते १५० पीएसआयचा आहे. मग ६० पीएसआयला २.१ व्होल्ट यायला हवेत आणि २५ पीएसआयला सुमारे १.१७. शून्य दाबाला शून्य व्होल्ट न ठेवता अर्धा व्होल्ट ठेवण्यामागे हेतू आहे. वायर तुटली तर व्होल्टेज त्या पट्ट्याच्या बाहेर जाते आणि यंत्राला कळते की हा दाब नव्हे, हा बिघाड आहे. म्हणून गार्मिन जी१००० सारख्या कॉकपिटमधल्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर अशा वेळी खोटा आकडा न येता लाल फुली येते. रोटॅक्सच्या नव्या सेन्सरमध्ये हीच युक्ती विद्युतप्रवाहाच्या रूपात वापरली आहे. शून्याला ४ मिलिअँपिअर आणि पूर्ण दाबाला २०. प्रवाह शून्य झाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. जुन्या रोधाच्या सेंडरला हे शहाणपण नाही. अमेरिकी पद्धतीत तर तुटलेली वायर आणि संपलेले तेल हे दोन्ही तो काटा शून्यावर पाडूनच सांगतो.

आधी इंजिन, मग सेन्सर

हँगरमध्ये एक वाक्य फार सहज बोलले जाते: “सेन्सरच असणार, बदलून टाका.” पुष्कळदा ते खरेही निघते, कारण कंप, उष्णता आणि तेल यांच्यामध्ये राहून सेंडर लवकर थकतात. तरीही ही सवय धोकादायक आहे. कमी दाब दाखवणारा सेन्सर बिघडलेला आहे, हे गृहीत न धरता सिद्ध करावे लागते. तोवर इंजिनावरच संशय ठेवायचा असतो.

हवेत असताना तर हा वाद घालायला वेळही नसतो. सेस्नाच्या हस्तपुस्तिकेने वैमानिकाला दिलेला मार्ग सोपा आहे. दाब कमी झाला, पण तेलाचे तापमान नेहमीसारखेच आहे, तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडला असण्याची शक्यता आहे. तरीही जवळच्या विमानतळावर उतरून तपासणी करणे हेच इष्ट. दाब पूर्ण गेला आणि तापमान चढू लागले, तर इंजिन आता बंद पडणार असे समजून शक्ती कमी करायची आणि उतरण्याजोगी मोकळी जागा निवडायची. दोन स्वतंत्र उपकरणांची साक्ष जुळते का, हे येथे पाहिले जाते. तापमानाचा सेन्सर वेगळा, त्याची वायर वेगळी. दोघे एकाच वेळी खोटे बोलतील ही शक्यता फार कमी. मात्र तापमान चढायला वेळ लागतो, आणि तेल जवळजवळ सगळे गेले असेल तर तापमानाच्या सेन्सरला मोजायला तेलच उरत नाही. म्हणून ‘तापमान ठीक आहे’ या भरवशावर ठरलेला प्रवास पूर्ण करणे योग्य नव्हे. इंजिन सुरू केल्यावर उन्हाळ्यात ३० सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करायचे, हाही त्याच पुस्तिकेचा नियम आहे, आणि ‘हा काटा जरा उशिराच उठतो’ असे म्हणून तो मोडायचा नसतो.

विमान खाली आल्यावर पहिली तपासणी डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीची. तेल किती आहे? ते काळे, पातळ झाले आहे का, त्याला पेट्रोलचा वास येतो का, फेस आहे का? कोणत्या ग्रेडचे तेल भरले होते? मे महिन्यात इंदूरचे तापमान चाळिशीच्या पुढे जाते. टेक-ऑफची वाट पाहत धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनाला तेव्हा पुरेशी हवा मिळत नाही. तेल तापून पातळ होते आणि मंद चालीवर दाब खाली येतो. फेऱ्या वाढवल्यावर तो पुन्हा हिरव्या पट्टीत गेला, तर उपकरण बहुधा खरेच सांगत होते आणि इंजिनातही कदाचित दोष नाही, पण ती घसरण मर्यादेत आहे की नाही हे आकडा पाहूनच म्हणता येते.

त्यानंतर काउलिंग उघडून गळती पाहतात. तेलाचा फिल्टर काढून तो कापतात आणि आतल्या कागदी घड्या उलगडून धातूचे कण आहेत का ते तपासतात. बेअरिंग झिजत असेल तर त्याची साक्ष येथे मिळते, आणि ही साक्ष कोणत्याही मीटरपेक्षा वजनदार आहे. तेल ओढून घेणाऱ्या तोंडाची जाळी तुंबली आहे का हेही पाहावे लागते. मग येतो रिलीफ व्हॉल्व्ह. लायकॉमिंगमध्ये हा एक स्प्रिंग आणि एक गोळी एवढाच साधा भाग असतो, जो जादा दाबाचे तेल परत सोडून देतो. गोळीच्या बैठकीवर कार्बनचा एखादा कण अडकला तरी दाब पडतो, आणि तो कण सुटला की दाब आपोआप सुधारतो. सेन्सरच्या लहरीपणासारखाच दिसणारा हा खराखुरा यांत्रिक दोष आहे. याच व्हॉल्व्हबद्दल एक इशारा द्यायला हवा. स्प्रिंगखाली वॉशर घालून किंवा स्क्रू फिरवून दाब वाढवता येतो. गेज खोटे कमी दाखवत असताना कोणी हे केले, तर खरा दाब मर्यादेच्या वर जातो आणि काटा मात्र समाधानकारक दिसू लागतो. दाब दुसऱ्या गेजने पडताळल्याशिवाय या व्हॉल्व्हला हात लावू नये.

बिघाडाची चाल

खरा दाब आणि खोटा दाब यांची चाल वेगळी असते, आणि अनुभवी मेकॅनिक वैमानिकाला सगळ्यात आधी त्याबद्दल विचारतो. आकडा किती होता यापेक्षा तो तेथे कसा पोहोचला, हे त्याला अधिक सांगून जाते.

तेलाचा दाब भौतिक गोष्ट आहे. ती फेऱ्यांबरोबर आणि तापमानाबरोबर बदलते, आणि त्या बदलाला कारण असते. ७० वरून थेट शून्य, अर्ध्या सेकंदाने पुन्हा ७०, आणि दरम्यान इंजिनाच्या आवाजात काही फरक नाही, अशी उडी वायरिंगमधला सैल जोड मारतो. याउलट वळण घेताना किंवा नाक वर असताना दाब डळमळत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढत असण्याचा, म्हणजे तेल कमी असण्याचा संशय घ्यावा. दाब, तापमान आणि इंधन असे तीन-चार आकडे एकदम हलले तर सेन्सर शोधत बसू नये. त्या सगळ्यांचा समाईक अर्थिंगचा जोड किंवा समाईक वीजपुरवठा तपासावा. लँडिंग लाइट लावल्याबरोबर तेलाचा दाब बदलला, तर दिव्याचा प्रवाह आणि सेन्सरचा प्रवाह एकाच खराब अर्थिंगमधून परत जात आहेत. रेडिओवर बोलताना आकडा उडत असेल तर वायरच्या आवरणाचा किंवा अर्थिंगचा दोष असतो. या दोन खुणा मिळाल्या तर नवा सेन्सर मागवण्याचे पैसे वाचतात, आणि लहान विमानाच्या सुट्या भागांच्या किमती पाहता ही रक्कम लहान नसते.

आणखी एक तपासणी अगदी फुकट आहे आणि तरी कमी लोक ती करतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, लावला की तेलाचा दाब शून्य दिसला पाहिजे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात दाब उरलेला नसतो. तेव्हा ८ किंवा १० पीएसआय दिसत असतील, तर तो सेन्सर शून्यापासूनच सरकला आहे, आणि उड्डाणात तो खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवत असण्याची दाट शक्यता आहे. कमी दाखवणारा सेन्सर निदान आरडाओरडा तरी करतो. जास्त दाखवणारा सेन्सर खरी घसरण झाकून ठेवतो, आणि त्याची तक्रार कोणीच लिहीत नाही.

मॅनिफोल्ड प्रेशरच्या बाबतीत हीच युक्ती इंदूरमध्ये फार छान चालते. इंजिन बंद असताना त्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फूट उंच आहे. प्रमाण वातावरणात तेथे पाऱ्याचे जवळपास २८ इंच मिळतात, पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की थोडे कमी. समुद्रसपाटीच्या दाबातून दर हजार फुटांना साधारण १ इंच वजा करायचा, एवढा हिशोब या तपासणीला पुरतो. मुंबईत जुहूला ज्या सेन्सरने ३० च्या जवळचा आकडा दाखवणे बरोबर ठरेल, त्यानेच इंदूरमध्ये ३० दाखवले तर तो चुकला आहे. या सेन्सरची रबरी नळी उन्हाने चिरली तर एक गमतीदार गोष्ट घडते. इंजिन मंद चालत असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूपच कमी असतो, चिरेतून बाहेरची हवा आत शिरते, आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पूर्ण थ्रॉटलवर आतबाहेरचा फरक जवळजवळ राहत नाही, त्यामुळे तेथे तोच सेन्सर निर्दोष वाटतो.

सेन्सर निर्दोष पण त्याची वाट बंद, हा प्रकार किती महागात पडू शकतो याचे उदाहरण मोठ्या विमानाचे आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षावात एअर फ्लोरिडाच्या फ्लाइट ९० या बोइंग ७३७ विमानाने उड्डाण केले. इंजिनाच्या तोंडाशी दाब घेणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या होत्या, त्यामुळे उपकरणे प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त शक्ती दाखवत होती. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळले आणि पुलावरच्या ४ जणांसह ७८ माणसे गेली. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद होती, पंखांवरही बर्फ होता, म्हणजे कारण एकच नव्हते. पण दाब मोजणारे यंत्र तपासताना दाब जिथून आत येतो ते भोकही तपासायचे, हे त्या अपघातातून देखभाल करणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. लायकॉमिंगच्या तेलाच्या फिटिंगमध्ये मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते. नळी फुटली तरी तेल धो धो वाहून जाऊ नये आणि पंपाचे धक्के सेन्सरला लागू नयेत, म्हणून. तेच भोक काजळीने बुजले तर काटा आळशीपणे उठतो, आणि दोष सेन्सरच्या नावावर लागतो.

शेवटचा निवाडा दुसऱ्या गेजचा

एवढे सगळे केल्यावरही खात्री करून घ्यायचा एकच निर्विवाद मार्ग आहे. सेन्सरच्या जागी, किंवा टी-फिटिंग लावून त्याच्या शेजारी, अलीकडेच कॅलिब्रेट केलेले यांत्रिक गेज जोडायचे आणि जमिनीवर इंजिन चालवून दोन्ही आकडे मंद चालीवर, मधल्या फेऱ्यांवर आणि तेल गरम झाल्यावर लिहून घ्यायचे. यांत्रिक गेजही कमी दाखवत असेल तर सेन्सरने खरे सांगितले होते, आणि काम इंजिनाकडे वळते. यांत्रिक गेज ठीक आणि कॉकपिटमधले चुकीचे, तर आता वायर, सेन्सर आणि पडदा या तिघांत निवड करायची.

रोधाच्या सेंडरसाठी ही निवड सोपी आहे. सेंडरची वायर सोडवली की काटा एका टोकाला जावा, आणि देखभाल पुस्तिकेत परवानगी असेल तर ती वायर अर्थिंगला टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला. दोन्ही घडले तर वायर आणि गेज ठीक आहेत, आणि सेंडर किंवा त्याचे अर्थिंग उरते. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सड्यूसरवर मात्र वायरा टेकवण्याचा हा प्रयोग चुकूनही करू नये. तेथे मल्टिमीटरने आधी ५ व्होल्टचा पुरवठा पोहोचतो आहे का पाहावे, मग परतीचे व्होल्टेज मोजून वर दिलेल्या हिशोबाशी ताडावे. सेन्सर टेबलावर काढून हातपंपाने ०, २५, ५०, ७५, १०० पीएसआय असा चढता आणि मग उतरता दाब दिला तर उरलेली शंकाही फिटते. चढताना एक आणि उतरताना दुसरा आकडा येणारा सेन्सर आतल्या पडद्याने थकलेला असतो.

एका तारेच्या सेंडरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून होते, हे विसरल्यामुळे चांगले सेंडर कचऱ्यात जातात. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले की धातूचा धातूशी संपर्क तुटतो आणि काटा नाचू लागतो. शिवाय टेपचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक भोकात अडकण्याची भीती वेगळीच. फायबरच्या विमानात फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या अग्निरोधक भिंतीवर, लावलेल्या सेंडरला स्वतंत्र अर्थिंगची वायर नसेल, तर तेथेही हेच होते.

बदलण्याचे काम

भारतात नोंदणी झालेल्या विमानावर हे काम कोणी करायचे, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवलेले आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी बी-१.२ वर्गाचा परवाना असलेला देखभाल अभियंता त्यासाठी असतो, आणि काम झाल्यावर विमान सेवेसाठी मोकळे करण्याच्या प्रमाणपत्रावर त्याची सही लागते. वैमानिकाने स्वतः पाना हातात घ्यायचा नसतो. भाग मागवताना त्या विमानाच्या अनुक्रमांकाला लागू पडणारा भागक्रमांक सचित्र भागसूचीत पाहावा लागतो, आणि भागाबरोबर अधिकृत मुक्तता प्रमाणपत्र यावे लागते. जवळच्या पीथमपूरमध्ये ट्रकचे कारखाने आहेत, त्यामुळे दिसायला हुबेहूब तसाच दाबाचा सेंडर इंदूरच्या बाजारात फार स्वस्तात मिळू शकतो, आणि सियागंजात पितळी फिटिंगही मिळेल. त्यांचा मोह टाळावा. त्यांच्या रोधाची दिशा उलटी असू शकते, आटे वेगळे असू शकतात, आणि इंजिनावर सतत कंप सोसणारे पितळी फिटिंग मानेत तुटले तर गरम तेल एक्झॉस्टवर उडते. आट्यांची फसगत तर फारच सोपी आहे. एक-अष्टमांश इंचाचे निमुळते एनपीटी (अमेरिकी मापाचे पाइपचे) आटे आणि १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, पहिले एक-दोन फेरे एकमेकांत बसतातही, आणि मग जोर लावणारा इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या आवरणातले आटे मोडून बसतो.

प्रत्यक्ष कामाआधी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) बंद, किल्ली बाहेर, मास्टर बंद, बॅटरी सुटी, चाकांना अडसर, आणि इंजिन पूर्ण थंड, एवढे ठरलेलेच आहे. खाली कापड आणि भांडे ठेवून कनेक्टर आधी सोडवतात. मग दोन पाने लागतात. एकाने इंजिनावरचे फिटिंग घट्ट धरायचे, दुसऱ्याने सेन्सरचा षटकोनी भाग फिरवायचा. सेन्सरचे गोल डबड्यासारखे अंग पकडून फिरवले तर आतला पडदा पिळला जातो आणि नवा सेन्सर बसवतानाच खराब होतो. आट्यांना तेलाला टिकणारे, पुस्तिकेत सांगितलेले सीलंट लावतात, तेही पहिला आटा कोरडा सोडून, म्हणजे ते आत वाहून जात नाही. घट्ट किती करायचे तेही पुस्तिकाच सांगते. निमुळते आटे मुळातच घट्ट होत जाणारे असतात, त्यामुळे ‘अजून थोडे’ हा मोह येथे फिटिंग फोडतो. जड सेन्सर थेट इंजिनावर टांगलेला असेल आणि वारंवार निकामी होत असेल, तर निर्मात्याच्या मान्य पद्धतीनुसार तो फायरवॉलवर नेऊन लवचीक अग्निरोधक नळीने जोडणे हा टिकाऊ उपाय होय. तीच जागा, तोच कंप आणि पुन्हा नवा सेन्सर, हे चक्र मग थांबते. वायरला थोडी ढील ठेवून ती एक्झॉस्टपासून दूर, क्लॅम्पमध्ये बांधतात. पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आढळला तर पिनाही बदलाव्यात. इलेक्ट्रॉनिक पडदा असेल तर सेटिंगमध्ये सेन्सरचा प्रकार नव्या भागाप्रमाणेच आहे ना, हे पाहायला विसरू नये. १०० पीएसआयच्या सेन्सरचे सेटिंग आणि १५० चा सेन्सर अशी जोडी जमली तर ६० पीएसआयचा दाब पडद्यावर ४० दिसतो.

मग इंजिन जमिनीवर चालवून दाब यांत्रिक गेजशी ताडतात, बंद करून फिटिंगभोवती कोरडे कापड फिरवतात, आणि पहिल्या उड्डाणानंतर काउलिंग पुन्हा उघडून तीच जागा पाहतात, कारण थंड असताना न गळणारा जोड तापल्यावर पाझरू शकतो. इंजिनाच्या लॉगबुकमध्ये जुन्या आणि नव्या भागाचे क्रमांक लिहिले जातातच, पण माझ्या मते त्याशेजारी मंद चालीवरचा आणि प्रवासी शक्तीवरचा दाब, तेलाच्या तापमानासह लिहून ठेवावा. पुढच्या वेळी कोणी ‘दाब कमी वाटतो’ असे म्हणेल तेव्हा ‘कशापेक्षा कमी’ याचे उत्तर तयार असेल.

सेन्सरजवळच एक दुसरा छोटा भाग असतो, ज्याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. तो म्हणजे कमी दाबाची सूचना देणारा दिवा लावणारा प्रेशर स्विच. त्याच्या आतला पडदा फाटला तर स्विचमधूनच इंजिनाचे सगळे तेल बाहेर जाऊ शकते. याच कारणाने अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २०१२ मध्ये सेस्नाच्या १७२, १८२ आणि २०६ मालिकांतल्या काही विमानांसाठी निर्देश काढून हा स्विच तपासणे आणि ३००० तासांच्या वापरानंतर बदलणे बंधनकारक केले. म्हणून सेन्सरसाठी काउलिंग उघडलेच आहे, तर या स्विचचा भागक्रमांक आणि त्याचे झालेले तास लॉगबुकशी त्याच वेळी ताडून घ्यावेत.